कवळाण्याचा गोपाळ आणि राजवाड्यातली शाळा

कोल्हापुरात १९३२ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षाच्या आसनावर बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड होते. वय सत्तरीला टेकलेले. समोर बसलेल्या साहित्यिकांपैकी बहुतेकांनी पाचव्या-सहाव्या वर्षी पाटीवर श्रीगणेशा गिरवला असेल. अध्यक्षांचे खरे शिक्षण सुरू झाले तेव्हा त्यांनी वयाची बारा वर्षे ओलांडली होती आणि मस्तकावर राजाचा शिरपेच चढलेला होता. तोवर अक्षरओळख जवळपास नव्हतीच.

राजाच्या मुलाला कसे शिकवावे, हा प्रश्न सयाजीरावांच्या आयुष्यात दोनदा उभा राहिला. एकदा ते स्वतः विद्यार्थी होते तेव्हा आणि पुन्हा एकदा ते पिता झाले तेव्हा. पहिल्या वेळी उत्तर असे काही जमून आले की हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या पंक्तीत त्यांचे नाव वेगळेच उठून दिसले. दुसऱ्या वेळी साधने कितीतरी अधिक होती, अनुभव होता, पैसा होता, इच्छाही होती. तरी ते उत्तर चुकले. बडोद्याच्या प्रगतीची वर्णने मराठीत पुष्कळ झाली आहेत. या दुसऱ्या बाजूकडे मात्र चरित्रकार सहसा घाईने पाहून पुढे जातात.

मुळात सयाजीराव गादीवर आले ते एका विलक्षण अपघाताने. बडोद्याचे खंडेराव महाराज १८७० साली पुत्र नसताना निवर्तले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले. मल्हाररावांचा कारभार बेबंद होता. त्यातच ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग करविल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीसाठी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे मंडळ नेमले गेले. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. मते तीनास तीन अशी दुभंगली. आरोप सिद्ध होईना, तेव्हा सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासेस पाठविले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मूल हवे होते ते गायकवाडांच्याच रक्ताचे.

शोध घेत माणसे पोचली ती नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी. गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा तेथे शेती करून राहत होती. काशीराव आणि उमाबाई यांच्या घरात १८६३ च्या मार्चमध्ये जन्मलेला गोपाळ हा चारचौघांसारखाच शेतकऱ्याचा पोर होता. घरातली मुले बडोद्यास नेण्यात आली. इथे कशासाठी आलात, असे विचारल्यावर बाकीची मुले गोंधळली आणि गोपाळाने मात्र राज्य करायला आलो म्हणून बेधडक सांगितले, अशी कथा बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा खरी की मागाहून रचलेली, याला फारसे महत्त्व नाही. निवड मात्र गोपाळाचीच झाली. १८७५ च्या मे महिन्यात दत्तकविधी होऊन त्याचे नाव सयाजीराव ठेवण्यात आले. कवळाण्याची माती पायाला असलेला मुलगा एका उन्हाळ्यात सुमारे वीस लाख लोकवस्तीच्या राज्याचा धनी झाला.

आता त्याला शिकवायचे होते. सत्तावन्नच्या उठावानंतर संस्थाने खालसा करण्याचे धोरण इंग्रजांनी सोडले होते. पण संस्थानिक आपल्याला हवे तसे घडवावेत, हा विचार त्यानंतरच बळावला. राजकोटचे राजकुमार कॉलेज १८७० मध्ये सुरू झाले, अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ मध्ये, लाहोरचे एचिसन कॉलेज १८८६ मध्ये. इंग्लंडातील ईटन-हॅरोच्या धर्तीवर उभारलेल्या या शाळांत राजपुत्रांनी क्रिकेट खेळावे, इंग्रजी बोलावे, कर्ज आणि जनानखान्यातली कारस्थाने यांपासून दूर राहावे आणि साम्राज्याशी एकनिष्ठ असावे, अशी अपेक्षा होती. पुढे कोल्हापूरचे शाहू महाराजही याच वाटेने गेले. कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली दत्तक आलेल्या या मुलाला आधी राजकोटला आणि मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवण्यात आले. सयाजीरावांच्या बाबतीत तसे करणे सोपे नव्हते. ते नुसते राजपुत्र नव्हते, गादीवर बसलेले राजे होते. शिवाय जमनाबाई मुलाला नजरेआड होऊ देण्यास तयार नसणार, हे उघड होते. म्हणून राजा शाळेत गेला नाही, शाळाच राजवाड्यात आली.

या शाळेसाठी सनदी सेवेतील एफ. ए. एच. इलियट यांची १८७५ च्या अखेरीस नेमणूक झाली. वर्गात महाराजांबरोबर त्यांचे भाऊ संपतराव होते आणि सरदार-मानकऱ्यांच्या घरची निवडक मुले होती. एकट्या मुलाला शिकवले की तो स्वतःला फार हुशार तरी समजतो किंवा फार मंद तरी. चार मुलांत बसवले की त्याला स्वतःचे माप कळते. ही सोय करण्यात इलियटनी शहाणपण दाखवले असेच म्हटले पाहिजे. दिवसाची आखणी काटेकोर होती. सकाळी घोडेस्वारी आणि तालीम, नंतर वर्ग, मध्ये राजघराण्याच्या चालीरीतींचे सोपस्कार आणि पुन्हा अभ्यास. मराठी ही घरची भाषा, गुजराती प्रजेची, उर्दू दरबारी रीतीची आणि इंग्रजी सत्तेची. अशा चार भाषा एकाच वेळी शिकायच्या होत्या. ज्या वयात इतर मुले गणितातल्या त्रैराशिकाशी झुंजत असतात, त्या वयात हा मुलगा चार लिप्यांची बाराखडी गिरवत होता.

साहजिकच गती मंद होती. इलियटनाही सुरुवातीला आपला विद्यार्थी सुस्त वाटला आणि त्यांनी तो ग्रह लपवून ठेवला नाही. मुलाकडे होती ती चिकाटी. एकदा हाती घेतलेले सोडायचे नाही, हा कुणब्याच्या घरचा गुण अभ्यासात उतरला. शिक्षक आणि विद्यार्थी यांचे नातेही पुढे घट्ट राहिले. मुलाला शिकवता शिकवता इलियटनी गायकवाड घराण्याचा इतिहास लिहून काढला आणि शिक्षकाचे काम संपल्यावरही त्यांनी अनेक वर्षे बडोद्यात जमाबंदीच्या कामात महाराजांना साथ दिली. इंग्रज गुरू नेमला तो राजाला साम्राज्याचा निष्ठावंत करण्यासाठी. गुरू मात्र हळूहळू बडोद्याचा माणूस झाला. रेसिडेन्सीला याचे फारसे कौतुक वाटले नाही.

राजवाड्याच्या या शाळेतला दुसरा शिक्षक वर्गात फारसा येत नसे, पण त्याचा ठसा अधिक खोल होता. अज्ञान राजाच्या वतीने कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी घराण्यातले गृहस्थ. मद्रासेत शिकलेल्या या माणसाने आयुष्याची सुरुवातच राजपुत्रांचा शिक्षक म्हणून केली होती. १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजकुमारांना शिकवू लागले आणि काही वर्षांतच तेथील दिवाण झाले. त्यानंतर इंदूरचा कारभार सांभाळून ते बडोद्यास आले. राजे कसे बिघडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. सयाजीरावांना अधिकार मिळण्याची वेळ जवळ आली तेव्हा १८८१ मध्ये माधवरावांनी त्यांना राज्यकारभारावर व्याख्यानमालाच दिली. काझी शहाबुद्दिन यांच्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्यांनी आपापल्या खात्यांची माहिती करून दिली. दिवाणांची व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आणि ती आजही वाचनीय आहेत. त्यांत तत्त्वज्ञान थोडे आणि व्यवहार फार आहे. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन, या एका सूत्राभोवती सारे गुंफलेले. खासगी खर्च आणि सरकारी खर्च यांची सरमिसळ करू नये, न्यायाधीशाच्या कामात राजाने हात घालू नये, स्तुतिपाठक ओळखावेत, नेमणुका करताना नात्यागोत्याकडे पाहू नये, इंग्रज सरकारशी कुठे ताणावे आणि कुठे सोडून द्यावे याचा विचार करावा, राजाने स्वतःची प्रकृती जपावी, अशा गोष्टी त्यांनी एकेक करून समजावल्या. मल्हाररावांच्या कारभारात जे जे घडले होते, ते सारे उलटे करून मांडले की माधवरावांचा पाठ तयार होत असे.

त्या काळी जगभरच्या राजघराण्यांत आणि सरदार घराण्यांत मुलांच्या शिक्षणाची हीच घडी होती. रशियातील उमराव आपल्या मुलांसाठी फ्रेंच, जर्मन, स्विस गुरू घरी ठेवीत. मूल रशियन नीट बोलण्याआधी फ्रेंच बोलू लागे. मग राजधानीतील खास शाळा, सैन्यातील हुद्दा आणि युरोपचा प्रवास. झार दुसरा अलेक्झांडर याला कवी झुकोव्हस्की यांनी शिकविले होते आणि १८३७ साली विद्यार्थ्याला बरोबर घेऊन त्यांनी रशियाचा विस्तीर्ण प्रदेश दाखविला होता. टॉलस्टॉयही अशाच परदेशी शिक्षकांच्या हाताखाली वाढले, कझानच्या विद्यापीठातून पदवी न घेताच बाहेर पडले आणि १८५९ मध्ये आपल्या जहागिरीत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. या पद्धतीतून अधूनमधून एखादा टॉलस्टॉय निघे. पण आपल्याच मुलखात परके झालेले, बोलण्यात चतुर आणि कामात निरुपयोगी असे जमीनदारपुत्र कितीतरी अधिक निघत. रशियन कादंबऱ्यांतून ते जागोजागी भेटतात. सयाजीरावांना या धोक्यापासून वाचविले ते उशिराने. बडोद्यास आणले तेव्हा त्यांची भाषा, खाणेपिणे, माणसांकडे पाहण्याची नजर हे सारे तयार झालेले होते. इंग्रजी शिक्षण त्यावर बसले, त्याच्या जागी आले नाही.

१८८१ च्या डिसेंबरअखेर सयाजीरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. वय अठरा. पुढच्याच वर्षी माधवराव पायउतार झाले. येथून महाराजांचे खरे शिक्षण सुरू झाले असे म्हटले तरी चालेल, कारण राहून गेलेली वर्षे भरून काढण्याची त्यांची धडपड पुढे कधीच थांबली नाही. ते वाचक होते आणि वाचनाच्या बाबतीत अधाशी होते. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ यांचे वाचन सतत चाले. गिबनने लिहिलेला रोमच्या ऱ्हासाचा प्रचंड इतिहास त्यांनी नुसता वाचला नाही, तर त्यावरील टिपणांचे पुस्तक १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. प्रकृती मात्र साथ देईना. निद्रानाश आणि मज्जासंस्थेचा थकवा यांनी ते ऐन तारुण्यातच बेजार झाले. १८८७ मध्ये वैद्यकीय सल्ल्याने ते प्रथम युरोपास गेले आणि त्यानंतर परदेशवाऱ्या हा त्यांच्या आयुष्याचा भागच झाला. टीकाकार याला चैन म्हणत. पण ज्या ज्या देशात ते गेले तेथील शाळा, ग्रंथालये, कारखाने पाहिल्याशिवाय ते परतत नसत, हेही तितकेच खरे.

स्वतःला उशिरा मिळालेली अक्षरे रयतेच्या मुलांना वेळेवर मिळावीत, या ध्यासातून त्यांनी जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. अस्पृश्यांसाठी शाळा त्यांनी कारकिर्दीच्या आरंभीच काढल्या. तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू झाला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई, आणि शेतीच्या हंगामात हा दंड अनेकांना जाचक वाटे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या राजाला ते कळत नव्हते असे नाही. तरी त्याने कायदा मागे घेतला नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांना बोट दाखवायला बडोद्याचे उदाहरण होते. विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले. इंग्रजांच्या मुलखात जे होऊ शकत नाही असे सांगितले जात होते, ते शेजारच्या संस्थानात चालू होते. अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना आणून महाराजांनी गावोगावी ग्रंथालये उभारली. धाकटे भाऊ संपतराव, ज्यांनी राजवाड्यातल्या वर्गात महाराजांबरोबर धडे गिरवले, त्यांचा ग्रंथसंग्रहही बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या उभारणीस उपयोगी पडला.

आणि स्वतःची मुले? पहिल्या राणी चिमणाबाई १८८५ साली क्षयाने वारल्या, तेव्हा युवराज फत्तेसिंहराव जेमतेम पावणेदोन वर्षांचे होते. त्याच वर्षी महाराजांनी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी विवाह केला. त्याही चिमणाबाई नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांना जयसिंगराव, शिवाजीराव, इंदिराराजे आणि धैर्यशीलराव अशी अपत्ये झाली. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात या मुलांसाठी स्वतंत्र शाळेची इमारत बांधण्यात आली. महाराजा फत्तेसिंह संग्रहालय याच वास्तूत आहे. राजा रविवर्म्यांची चित्रे पाहायला येणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असते, की ते राजाच्या मुलांच्या शाळेत उभे आहेत.

मुलांच्या बाबतीत महाराजांनी कसूर ठेवली नाही. आपल्याला जे बाराव्या वर्षी मिळाले, ते त्यांना पाचव्या वर्षी मिळावे. आपण जे भाषांतरातून आणि कष्टाने शिकलो, ते त्यांनी मुळातून शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. इंग्रज शिक्षक आले. शिस्त कडक होती, वडिलांची भेटसुद्धा ठरल्या वेळी. मग मुले परदेशी गेली. युवराज फत्तेसिंहराव ऑक्सफर्डला राहिले. जयसिंगराव अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि १९१२ मध्ये तेथून पदवीधर होऊन बाहेर पडले. त्या काळी हिंदी संस्थानिकाच्या मुलाने इंग्लंड सोडून अमेरिकेची वाट धरणे ही नवलाची गोष्ट होती. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात तेथील शिक्षणाने महाराज भारावून गेले होते, त्याचाच हा परिणाम. शिवाजीराव ऑक्सफर्डमध्ये शिकले आणि तेथे विद्यापीठाकडून क्रिकेट खेळले. १९११ साली हिंदुस्थानचा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्यातही त्यांचा समावेश होता. फलंदाज म्हणून त्यांच्याकडून लोकांच्या फार अपेक्षा होत्या.

मग एकेक करून हे दिवे विझत गेले. युवराज फत्तेसिंहराव १९०८ च्या सप्टेंबरात गेले, वय पंचवीस. त्यांचा मुलगा प्रतापसिंह तेव्हा तीन महिन्यांचाही नव्हता. शिवाजीराव १९१९ मध्ये गेले, वय एकोणतीस. जयसिंगराव १९२३ मध्ये युरोपात गेले, वय पस्तीस. तिघांच्याही आयुष्यावर मद्याची गडद छाया होती आणि राजघराण्याने स्वतःच्या इतिहासात ती पुढे लपवून ठेवली नाही. स्वतः महाराज मिताहारी आणि व्यसनांपासून दूर. मुलांना सुधारण्यासाठी त्यांनी डॉक्टर पाहिले, हवापालट केला, रागावून पाहिले. कशाचा उपयोग झाला नाही. तीन तरुण मुलांचे मरण पाहणाऱ्या या बापाने सार्वजनिक जीवनात आपले दुःख फारसे उघडे केले नाही. दौरे, फायली, व्याख्याने नित्याप्रमाणे चालू राहिली.

असे का झाले असावे? नशीब म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सयाजीरावांचे शिक्षण आणि त्यांच्या मुलांचे शिक्षण शेजारी ठेवले की एक फरक ठळकपणे दिसतो. सयाजीराव शिकत होते तेव्हा प्रत्येक धड्याच्या पलीकडे काम उभे होते. जमाबंदी शिकायची, कारण सहा वर्षांनी ती स्वतः ठरवायची होती. गुजराती शिकायची, कारण अर्ज घेऊन आलेल्या माणसाशी बोलायचे होते. मुलांच्या धड्यांपलीकडे असे काहीच नव्हते. वडील तरुण, कर्तबगार आणि दीर्घायुषी. कारभाराचा प्रत्येक धागा त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलेला. हार्वर्डची पदवी घेऊन आलेल्या मुलाने बडोद्यात नेमके काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर कोणी तयार ठेवले नव्हते. साम्राज्याच्या चौकटीतही राजाच्या मुलाला मानाची जागा होती, जबाबदारीची नव्हती. इंग्लंडात त्यांना बरोबरीचे मित्र भेटले आणि घरी परतल्यावर मुजरे करणारे नोकर. कवळाण्याहून आलेल्या पोराला जे राजवाड्यातल्या सुखसोयींचे अप्रूप होते, तेही या मुलांना नव्हते. सुख हे त्यांचे रोजचे जेवण होते. उशिरा शिकलेल्या माणसाला अनेकदा वाटते, की आपल्याला शिक्षणानेच घडवले. शिक्षणाआधीच्या बारा वर्षांनी काय दिले, हे त्याच्या हिशेबात येत नाही. सयाजीरावांच्या हिशेबातही ते आले नसावे.

कन्या इंदिराराजे यांची गोष्ट वेगळी निघाली. मुलींना पडद्यात न ठेवता शिकवावे, या मताचे महाराज आणि महाराणी चिमणाबाई दोघेही होते. महाराणींनी स्वतः पडद्याची चाल मोडली. इंदिराराजे भावांप्रमाणेच देशी-परदेशी शिकल्या. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी त्यांचा विवाह ठरला होता. तो स्वतःच्या निश्चयाने मोडून त्यांनी १९१३ मध्ये कुचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्याशी लंडनमध्ये लग्न केले. मुलीने स्वतंत्र विचार करावा असे शिकवणाऱ्या आईवडिलांना मुलीने तो केलेला पचला नाही. लग्नाला ते हजर नव्हते. पुढे पती गेल्यावर मुलाच्या अज्ञानपणी इंदिराराजे यांनी कुचबिहारचे राज्य सांभाळले. धड्यापलीकडे काम असले की काय होते, याचे उदाहरण महाराजांच्या घरातच होते.

या काळात महाराज इंग्रज सरकारच्या मनातूनही उतरत चालले होते. संस्थानिकांनी परवानगीशिवाय परदेशी जाऊ नये, असे फर्मान लॉर्ड कर्झनने १९०० साली काढले आणि त्याचा रोख आपल्यावर आहे हे सयाजीरावांनी ओळखले. १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राट पाचव्या जॉर्जना मुजरा करताना त्यांनी रीत पाळली नाही, पाठ फिरवली, म्हणून गदारोळ उठला. निष्ठावंत राजा घडविण्यासाठी ज्या मुलावर साम्राज्याने इलियटसारखा शिक्षक खर्ची घातला, त्याचे नाव आता संशयितांच्या यादीत होते.

त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात एक महार विद्यार्थी बडोद्याच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर बी.ए.चा अभ्यास करत होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्या शब्दाखातर महाराजांनी त्याची भेट घेतली होती. १९१३ मध्ये महाराजांनी त्याला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार. भीमराव आंबेडकर अमेरिकेत शिकू लागले तेव्हा जयसिंगराव हार्वर्डहून परतल्याला जेमतेम वर्ष झाले होते. एकाच तिजोरीतून निघालेले पैसे, एकाच देशात झालेले शिक्षण. त्यांतून काय निघाले, हे सांगण्याची गरज नाही.

या गोष्टीला काळी किनारही आहे. १९१७ मध्ये आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशांच्या धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले, तेथूनही हुसकावले गेले. कचेरीतले शिपाई कागद लांबून टाकत. महाराजांचा हुकूम शाळेपर्यंत पोचत होता, घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नव्हता. आंबेडकर काही दिवसांत मुंबईस परतले. ज्या राज्यात अकरा वर्षांपूर्वी शिक्षण सक्तीचे झाले होते, त्या राज्यातील शिकलेल्या कारकुनांनी आपल्या सर्वांत शिकलेल्या अधिकाऱ्याला टिकू दिले नाही.

उतारवयात महाराजांचे लक्ष नातू प्रतापसिंहांवर केंद्रित झाले. त्याला त्यांनी मुलांप्रमाणे कोवळ्या वयात सातासमुद्रापार धाडले नाही. बडोद्यात, पुण्यात शिकवले आणि कारभाराची माहिती करून दिली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. दत्तकविधीपासून मोजली तर त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. धाकटे पुत्र धैर्यशीलराव हयात होते, पण गादीचा वारसा थोरल्या शाखेकडे, म्हणजे प्रतापसिंहरावांकडे गेला. आजोबांच्या मनातले विद्यापीठ १९४९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले आणि त्याला महाराजा सयाजीराव यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दोन वर्षांनी, १९५१ मध्ये, भारत सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि ती त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना दिली. पणजोबांचे सविस्तर चरित्र, त्यातील मुलांच्या व्यसनांसकट, पुढे याच फत्तेसिंहरावांनी लिहिले.